चौदा तास वीस मिनिटं

रायपूर, १४ एप्रिल २०१३

स्वरदा,

शिशिररावांनी आईसाठी पाठवलेला कागद मिळाला. म्हणजे मेल माझ्याकडे आली, कारण आईकडे मेल नाही. आमच्या अनुश्रीने ती कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणली आणि आता तो कागद देवघराशेजारच्या भिंतीवर चिकटवलेला आहे. "रायपूर ते डनेडिन, अकरा हजार सहाशे किलोमीटर, विमानाने चौदा तास वीस मिनिटं." खाली नकाशा. नकाशावर एक लाल वाकडी रेघ, आमच्या माना विमानतळावरून निघून थेट न्यूझीलंडच्या खालच्या टोकाला उतरणारी.

शिशिररावांना सांग की असं विमान नाही. मी त्या वेबसाइटवर जाऊन पाहिलं. ती दोन गावांमधलं अंतर काढते आणि त्याला विमानाच्या वेगाने भागते, बस्स. मध्ये मुंबई नाही, सिंगापूर नाही, रांग नाही, बॅग उशिरा येणं नाही. जे विमान जगात कोणी उडवत नाही, त्याची वेळ मिनिटासकट छापलेली आहे. खरं म्हणजे संध्याकाळी रायपूरहून मुंबई, तिथे रात्रीचं विमान, सिंगापूरला दिवसभर बसणं, पुन्हा रात्रभर विमान, क्राइस्टचर्चला उतरून आणखी एक छोटं विमान, तेव्हा तुमचं गाव. दीड दिवसाच्या वर होतं. हे मी आईला दोनदा समजावलं. ती कागदाकडे बोट दाखवते. "जावई शिकलेले आहे. छापलं आहे तं काही पाहूनच छापलं असन."

तू फोन आईला करतेस. मी घेतला की "आईला दे ना" म्हणतेस. ठीक आहे. चार वर्षं असंच चाललंय, मलाही सवय झाली. म्हणून लिहिते. पत्रात निदान मधेच कोणी फोन ठेवत नाही.

तुझी वार खाली आहे, तुला अंथरुणातून उठायची मनाई आहे, बाळंतपणाची तारीख जुलैच्या मध्याची आहे, हे सगळं मला आईकडून कळलं. मागच्या खेपेला मूल राहिलं नाही, तेही तिच्याकडूनच कळलं होतं. वाईट वाटलं. एवढंच लिहिते.

आई एकाहत्तर वर्षांची आहे. तिचा आजवरचा सगळ्यात लांब प्रवास म्हणजे बाबांच्या रेल्वेच्या पासवर रामेश्वर. तिला एकटीला चार विमानतळांवरून पाठवायचं तुम्ही दोघांनी कसं ठरवलं, मला कळत नाही. पण ती जाणार म्हणते आहे, आणि ती एकदा ठरवून बसली की मग मी आणि दिवाकर, आम्ही नवरा-बायको नुसते फॉर्म भरायला उरतो.

मंजिरी

*

रायपूर, २ मे

स्वरदा,

तुझं उत्तर वाचलं. "ताई, तू नको त्रास घेऊ, आम्ही इथून बघतो." कसं बघणार? पासपोर्टचे फोटो तिथून काढणार? आमचं मंत्रालय नव्या रायपूरला नेल्यापासून मी सकाळी नऊला बसमध्ये बसते आणि घरी यायला रात्रीचे आठ होतात. सहापदरी रस्ता, दोन्ही बाजूंना मोकळं रान, बस सुसाट जाते. मग गावात शिरली की बुढापाऱ्यातल्या आपल्या घरापर्यंतच्या शेवटच्या तुकड्याला तेवढाच वेळ लागतो, कारण तळ्याच्या कोपऱ्यावर स्कूटरवाले एकमेकांत अडकलेले असतात. त्यातून उतरून मी सदर बाजारात गुलाबरावांकडे जाते. सराफाच्या वरच्या मजल्यावर तिकिटांचं आणि व्हिसाचं काम करतात ते. यवतमाळकडचे आहेत, अर्धं मराठी बोलतात, अर्धं हिंदी.

परवा म्हणाले, "दीदी, माताजी अकेल्या गेल्या तं उतरल्यावर दहा सवाल करतील. तुमचाही व्हिसा लावून टाकू सोबत."

मी म्हटलं, "मला कोणी बोलावलेलं नाही."

त्यांना वाटलं मी गंमत करते आहे. त्यांनी माझाही फॉर्म भरला. मी सही केली, कारण बस पकडायची होती आणि वाद घालायला वेळ नव्हता. याचा दुसरा अर्थ काढू नकोस.

आता खाण्याचं. तुमच्या देशात बी-बियाणं, तूप, मध, काही काही नेता येत नाही, नेलं तर दाखवावं लागतं, लपवलं तर दंड. आईने डिंक, अळीव, खारीक, खसखस सगळं आणून ठेवलंय. मी यादी वाचून दाखवली. ती माझ्यावरच चिडली. "बाळंतिणीचं खाणं काहून फेकतीन ते? त्याइच्या बायका बाळंत होत नाही का?" तू तिला फोनवर समजाव. माझं ऐकत नाही.

तिकीट चोवीस मेचं केलं आहे.

मंजिरी

*

रायपूर, १५ मे

स्वरदा,

तिकीट थोडं पुढे ढकलावं लागतंय. गुलाबराव म्हणतात सिंगापूरच्या पुढच्या विमानात गडबड आहे. आईचा फोन बिघडला आहे, दोन-तीन दिवस लागणार नाही. बाकी सगळं ठीक. तू पडून राहा.

मंजिरी

*

रायपूर, १८ मे

स्वरदा,

अनुश्रीने फेसबुकवर तुला सगळं सांगून टाकलं हे मला आज कळलं. मी तिला विचारलं तर म्हणते, "मौसी ने पूछा, तो मैं झूठ बोलती क्या?" पंधरा वर्षांची आहे. मराठी समजते सगळी, उत्तर हिंदीत देते, आणि खरं बोलायची वेळ नेमकी अशीच निवडते.

तेव्हा आता माझ्याकडून नीट ऐक.

सहा तारखेच्या सोमवारपासून आई विमानात बसायचा सराव करत होती. मी बसला गेले, दिवाकर दुकानावर गेले की मागच्या खोलीत एकामागे एक दोन खुर्च्या मांडायच्या, मागच्या खुर्चीत बसायचं, पोटावर दिवाकरांचा पट्टा बांधायचा. आणि भिंतीवरचा तो कागद काढून समोरच्या खुर्चीच्या पाठीला लावला होता. चौदा तास वीस मिनिटं. तेवढं न उठता बसता येतं का, हे तिला बघायचं होतं. अनुश्रीला सुट्ट्या आहेत. ती ट्रेमध्ये जेवण आणून देत होती, एअर होस्टेस म्हणून. मला सांगायचं नाही अशी तिला शपथ घातली होती.

पहिल्या दिवशी थोडा वेळ, मग रोज वाढवत वाढवत चौथ्या दिवशी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. मे महिना, बाहेर चव्वेचाळीस. आणि पाणी प्यायली नाही. का, तर विमानातल्या संडासाची भीती. मला हॉस्पिटलात सांगत होती, "आत गेली आन् दार नाही उघडलं तं? वरतं मी कोणाले हाका मारू?" म्हणून पाणीच नको.

उजवा पाय सुजला. तिने दोन दिवस पातळात झाकून ठेवला. शनिवारी रात्री कांताबाई तेल लावायला आली, तिने पातळ जरा वर केलं आणि हातातली वाटी खाली ठेवून मला हाक मारली. "दीदी, माँजी के एक गोड़ फूल गे हे." पाय गरम होता, लाल होता, पोटरीला हात लावू देत नव्हती. कांताबाईने चोळला नाही हे आपलं नशीब. डॉक्टर म्हणाले, शिरेत रक्ताची गाठ झाली आहे. ती सुटून फुप्फुसात गेली असती तर रात्रीत संपलं असतं.

आता पोटात इंजेक्शनं चालू आहेत. रक्त पातळ करायच्या गोळ्या पुढे कितीतरी महिने. तपासत राहायचं. मी विचारलं, विमानप्रवास? डॉक्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा विचारलं नाही. आईने विचारलं. "डॉक्टरसाहेब, मधी उभी राहत गेली तं?" ते म्हणाले, "माताजी, इस साल तो भूल जाइए."

तेव्हापासून ती भिंतीकडे तोंड करून आहे. जेवते, औषध घेते, बोलत नाही.

मी तुला खोटं लिहिलं कारण तुला रक्तदाबाचा त्रास सुरू झालाय असं आईच म्हणाली होती. दुसरं काही नाही. आणि शिशिररावांना हे वाचून दाखवू नकोस. त्यांचा काय दोष? त्यांनी एक कागद पाठवला. पण मी तो फाडला आहे.

मंजिरी

*

रायपूर, २६ मे

स्वरदा,

"आईला काही झालं तर मी स्वतःला माफ करणार नाही." हे तुझं सगळं पत्र. एका ओळीत तू, तू आणि तू. आईला काही झालेलं नाही. ती काल घरी आली. कांताबाई दिवसभर थांबायला "हव" म्हणाली आहे. घरी येऊन आई पहिलं वाक्य बोलली ते माझ्याशी.

"मंजू, तू जा."

मी म्हटलं, "कुठे?"

"तुले माहीत आहे कुठं. तुह्या पासपोर्टवर शिक्का लागला आहे. पोट्टी एकटी पडून आहे तिथं. मले जाता येत नाही, तिले येता येत नाही. राहिली कोण?"

मी नाही म्हटलं. आणि तुलाही सांगून टाकते, म्हणजे तुला पुढे कोणी काही वेगळं सांगायला नको.

बाबा नऊ दिवस आयसीयूत होते. तू रोज फोन करायचीस आणि रोज एकच विचारायचीस, "ताई, येऊ का?" मी काय सांगणार होते? डॉक्टर सकाळी म्हणायचे बरं आहे, संध्याकाळी म्हणायचे सांगता येत नाही. मी ये म्हटलं असतं आणि बाबा उठून बसले असते, तर तू म्हणाली असतीस उगाच पळवलं. नको म्हटलं असतं तर काय झालं असतं ते दिसलंच. मी शेवटी म्हटलं, तुझं तू ठरव. तू ठरवलं नाहीस. बाबा गेले. मग तू म्हणालीस, निघाले असते तरी पोचले नसते, तीस-पस्तीस तास लागतात. आणि वर म्हणालीस, ताईने ये म्हटलंच नाही.

मी अग्नी दिला. तळ्याच्या रस्त्याने परत येताना काकू विचारत होत्या, धाकटी नाही आली का. मी म्हटलं, लांब आहे. चार वर्षं मी सगळ्यांना हेच सांगते आहे. लांब आहे. मला त्या अंतराचा कंटाळा आला आहे, स्वरदा. ते जसं हवं तसं लांब होतं आणि हवं तसं जवळ. आईला बोलवायचं तेव्हा चौदा तास वीस मिनिटं. बाबांकडे यायचं तेव्हा पस्तीस.

आईला मी हे बोलले नाही. तिला म्हटलं रजा नाही. ती म्हणाली, "रजा नाही का मन नाही?" मी आत जाऊन कुकर लावला.

तुम्ही तिथे एखादी बाई ठेवा. मिळत असेल.

मंजिरी

*

रायपूर, ७ जून

स्वरदा,

हे तू वाचशील की नाही कुणास ठाऊक. तुझ्याकडे हॉस्पिटलात कॉम्प्युटर आहे का ते मला माहीत नाही. तरी लिहिते.

काल सकाळी मी बसमध्ये असताना शिशिररावांचा फोन आला. मला, आईला नाही. मी आधी ओळखलंच नाही, आवाज इतका शांत होता. पहाटे रक्तस्राव झाला, अँब्युलन्स आली, आता थांबलं आहे, बाळाचे ठोके चांगले आहेत, बाळंत होईपर्यंत तिथेच ठेवणार. सगळं एका दमात, हवामानाच्या बातम्यांसारखं. मी म्हटलं, "तुम्ही जेवलात का?" आणि त्या माणसाला रडू फुटलं. त्यांनी मला कसलीही गळ घातली नाही. नुसते रडले. मग मागून तुझा आवाज आला आणि त्यांनी फोन तुझ्याकडे दिला.

तू म्हणालीस, "ताई, बसमध्ये आहेस? हॉर्न ऐकू येतोय."

मी म्हटलं, "तेलीबांध्याला जाम आहे."

तू म्हणालीस, "वाजू दे थोडा वेळ."

मी फोन खिडकीबाहेर धरला. शेजारची बाई माझ्याकडे बघत होती. किती वेळ धरला माहीत नाही. परत कानाला लावला तेव्हा तू म्हणालीस, "आईला सांगू नकोस," आणि नर्स आली.

तू ये म्हणाली नाहीस. मीही येऊ का म्हणून विचारलं नाही. विचारणार नाही. उद्या संध्याकाळचं विमान आहे.

आज सकाळी रजेसाठी साहेबांकडे गेले. परदेशी जायचं तर आम्हाला वेगळी परवानगी लागते. ते म्हणाले, "न्यूजीलैंड? घूमने?"

"नहीं सर, बहन अस्पताल में है।"

"सगी?"

मी म्हटलं, "सगी." त्यांनी सही केली. उरलेल्या टेबलांवरून फाईल मी स्वतः हातात घेऊन फिरवली. एका बाबूने विचारलं की इतकी घाई काय आहे. मी त्याला असं काही बोलले की आता परत आल्यावर त्याच्यासाठी मिठाई न्यावी लागणार.

आईला सांगितलं. लपवायची माझी हौस गेल्या महिन्यात फिटली. ती काठी टेकत उठली आणि माझी बॅग भरायला लागली. पाय वर ठेवून बस म्हटलं तर म्हणाली, "मले शिकवू नको." बाळाला आंघोळ कशी घालायची, टाळूवर तेल किती, तुला पहिले दहा दिवस काय द्यायचं, सगळं सांगत होती. मी म्हटलं, मीही एक मूल वाढवलंय. "हो, आन् त्याले आंघोळ मीच घातली." हे खरं आहे.

तिने डिंकाचे लाडू दोनदा बॅगेत लपवले. मी दोनदा काढले. दिवाकर म्हणाले, राहू दे ना एक. मी त्यांच्यावरही ओरडले. आज घरात माझ्याशी कोणी बोलत नाही. अनुश्री फक्त म्हणाली, "मम्मी, वहाँ ठंड है, मेरा जैकेट ले जाओ।"

मंजिरी

*

सिंगापूर विमानतळ, ९ जून

स्वरदा,

हे कागदावर लिहिते आहे आणि तुझ्या हातात देणार आहे. समोर बसले की मला बोलता येणार नाही किंवा मी भलतंच बोलेन, म्हणून आधी हे वाच.

मुंबईला विमान दोन तास उशिरा सुटलं. माझ्या एका बाजूला घोरणारा माणूस होता आणि दुसऱ्या बाजूला ज्याचे पाय माझ्याकडे होते असा. मी दर तासाला उठून उभी राहत होते, पाणी पीत होते, आणि संडासाचं दार आतून दोनदा उघडून पाहिलं. उघडतं. आईला फोनवर सांगायचं म्हणून पाहिलं.

इथे उतरल्यावर फोन शोधून घरी लावला. आईनेच उचलला. मी "पोचले" म्हणायच्या आत म्हणाली, "पोट्टी झाली."

मला कळेना. ती सांगत होती आणि मला अर्धंच ऐकू येत होतं. मी आकाशात होते तेव्हा तुझं पुन्हा रक्त जायला लागलं, त्यांनी ऑपरेशन केलं, मुलगी आहे, दोन किलोच्या वर आहे, काचेच्या पेटीत ठेवली आहे पण श्वास आपला आपण घेते. तुला रक्त द्यावं लागलं. तू शुद्धीवर आहेस, चिडलेली आहेस, म्हणजे बरी आहेस, असं शिशिरराव म्हणाले. आईने तीन वेळा सांगितलं, "दोघी चांगल्या आहे. ऐकून राहिली ना? दोघी चांगल्या आहे."

मी फोन ठेवला आणि खरं सांगते, मला आधी राग आला. इतकी फाईल पळवली, इतकं भांडले, आणि तू आणि तुझी मुलगी माझ्यासाठी थांबायला तयार नाही. मग तिथेच फोनच्या खाली बॅगेवर बसले आणि रडले. बाबांच्या वेळी रडले नव्हते, तेव्हा कामं होती. लोक बाजूने जात होते. एका सफाईवाल्या बाईने टिश्यूची पुडी दिली आणि पुढे गेली.

मग मला वाटलं, आता जायचं कशाला? ज्यासाठी निघाले ते माझ्याशिवाय झालं. बाळ पेटीत, तू हॉस्पिटलात. मी तिथे जाऊन काय करणार, भात लावणार? हा विचार मी बराच वेळ केला. इथे विचार करायला दिवसभर वेळ आहे.

दुपारी माझ्या बाकावर एक म्हातारी बाई येऊन बसली. भिलाईची निघाली. नातवाकडे ऑस्ट्रेलियाला चाललेली, एकटी, डब्यात पोळी आणि लोणचं. माझ्या बोलण्यावरून तिला कळलं मी आपल्याकडची. तिने विचारलं, "कहाँ जा रही हो बेटा?"

मी म्हटलं, "बहन के घर."

पुढचे प्रश्न येतील म्हणून मी थांबले. किती वर्षांनी, काय कार्यक्रम, ती का नाही येत. तिने काहीच विचारलं नाही. बहिणीच्या घरी जातात, त्यात विचारायचं काय. तिने एक पोळी मला दिली आणि आम्ही जेवलो. शेवटच्या तपासणीच्या आधी लोणचं संपवायचं होतं, म्हणून तिने मला दोनदा वाढलं.

तर मी येते आहे. बाबांचं बोलायचं आहे. मी ते विसरलेले नाही आणि तुला विसरू देणार नाही. तुझंही काही म्हणणं असेल, तेही ऐकेन, जमेल तितकं. पण ते पोर घरी आल्यावर, तू पायऱ्या चढायला लागल्यावर. तोवर मी भात लावेन, कपडे धुवेन, शिशिररावांना जेवायला घालेन आणि रोज दोनदा आईला फोनवर सगळा वृत्तांत देईन, कारण नाही दिला तर ती पुन्हा खुर्ची मांडेल.

आणखी एक. त्या काचेच्या खोलीत कोणाला सोडतात ते आजच विचारून ठेव. फक्त आईबापांना म्हणाले, तर सांग की तिची मावशी रायपूरहून निघाली आहे, दोन रात्री झोपलेली नाही, आणि ती कोणाचं ऐकत नाही.

मंजिरी